फटफटीचा कैवार

गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक लहानसा कलह झाला. तो घरातल्या घरात मिटता, तर त्यासाठी मासिकाची पाने अडविण्याचे आम्हांस प्रयोजन नव्हते. परंतु तो मिटला नाही. आणि ज्या कारणावरून तो झाला, ते कारण सांप्रत महाराष्ट्रातील पुष्कळ सुशिक्षित घरांत उपस्थित होत असेल, अशी आमची खात्री आहे. आमच्या कन्येने पुण्याहून महाबळेश्वरास दोन मैत्रिणींसह मोटारसायकलींवरून जाण्याचा मनोदय भाऊबीजेच्या पंगतीत बोलून दाखविला. तिचे वय चोवीस. शिक्षण पुरे झालेले. गाडी तिने स्वतःच्या मिळकतीतून घेतलेली. तरीही पंगतीचा रंग क्षणात पालटला. आमचे थोरले बंधू म्हणाले, "मुलीच्या जातीला हे थेर कशाला हवेत?" वहिनींनी घाटात झालेल्या अपघातांची उजळणी केली. मेहुणे निवृत्त अधिकारी असल्यामुळे त्यांनी प्रश्नाचा एकदम राज्यकारभाराच्या दृष्टीने विचार केला. ते म्हणाले, "माथेरानात मोटारींना बंदी आहे, तशी महाबळेश्वरात निदान या फटफट्यांना तरी करावी. नुसता उच्छाद मांडला आहे!" शेवटी दादा आमच्याकडे वळले : "अरे, तू बाप आहेस ना तिचा? सांग की काहीतरी."

आम्ही काय सांगितले? काहीच नाही. जो मनुष्य तीस वर्षे मोटारसायकलवरून पसरणीचा घाट चढत-उतरत आला, तो त्या वेळी ताटातला भात कालवीत बसला. कन्येने एकदा आमच्याकडे पाहिले आणि विषय बदलला. आमच्या मौनास कारण होते. ते पुढे यथास्थळी सांगू. परंतु कारण असले म्हणून मौन क्षम्य ठरत नाही. पंगतीत जे बोलावयास हवे होते आणि बोलवले नाही, ते आता चारचौघांत बोलण्याखेरीज आम्हांस गत्यंतर नाही.

आमचा वाद दोन पक्षांशी आहे, आणि दोघांशीही तो एकाच वेळी करणे प्राप्त आहे. पहिला पक्ष वडीलधाऱ्या, प्रतिष्ठित मंडळींचा. त्यांच्या मते मोटारसायकल हे वाहन गोंगाटाचे, धोक्याचे आणि थिल्लरपणाचे असून सभ्य गृहस्थाने त्यापासून आपली मुले दूर ठेवावीत. दुसरा पक्ष स्वतःस या वाहनाचे भक्त म्हणविणाऱ्यांचा. यांतील कित्येक भक्त गाडीचा मूळचा सायलेन्सर काढून त्या जागी पोकळ नळी बसवितात, शनिवारी पहाटे दहा-दहा, वीस-वीसच्या टोळ्यांनी शहराबाहेर पडतात, आणि सह्याद्रीचे खोरेच्या खोरे दणाणून सोडण्यात पुरुषार्थ मानतात. आपल्या मराठीने या वाहनास त्याच्या आवाजावरून 'फटफटी' हे नाव दिले. पहिल्या पक्षास ती फटफटीच नको आहे. दुसऱ्यास तिच्यातील फटफट तेवढी हवी आहे. या वाहनाचा खरा आनंद कशात आहे हे दोघांपैकी एकासही उमगलेले नाही, असे आमचे म्हणणे आहे.

तो आनंद कशात आहे? वाई ते महाबळेश्वर हा रस्ता ज्या वाचकांनी मोटारीच्या काचांआडून पाहिला असेल, त्यांनी तोच रस्ता मार्गशीर्षातील एखाद्या मंगळवारी अगर बुधवारी, सूर्योदयाच्या सुमारास, मोटारसायकलवरून जाऊन पाहावा. शनिवार-रविवार वर्ज्य, का, ते सांगावयास नको. वाई सोडली की शेतांवर रात्रभर साचलेला गारवा प्रथम गुडघ्यांना लागतो. शाहीर साबळ्यांचे पसरणी गाव मागे पडते आणि घाट सुरू होतो. जेमतेम बारा किलोमीटरांत साडेपाचशे मीटरांहून अधिक चढ! तो मोटारीतूनही चढता येतो; परंतु मोटारीत चढ इंजिनास लागतो, येथे तो आपल्या कातडीस कळतो. एका वळणावर उन्हाची तिरीप खांद्यावर येते, पुढच्याच वळणाआड सावलीचा थंड पट्टा छातीवर आदळतो. कोणाच्या चुलीचा धूर, कापलेल्या गवताचा वास, कड्यातून पाझरणाऱ्या पाण्याची ओल, ही सारी एकामागून एक भेटत जातात. खाली धोम धरणाचे पाणी दिसू लागते. पाचगणीचे सिल्व्हर ओक मागे टाकले की स्ट्रॉबेरीचे वाफे, आणि त्यापुढे जांभूळ, हिरडा, अंजनी यांचे ते ठेंगणे, शेवाळलेले, वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस सोसणारे जंगल. तेथे क्षणभर थांबावे. शिपाई बुलबुलांचा गलका ऐकावा. मग पुन्हा निघावे.

गाडी नीट राखलेली असेल, तर तिचा आवाज काही मिनिटांतच कानांस जाणवेनासा होतो. गवयाच्या मागे तंबोरा असतो तसा तो मागे राहतो आणि त्यावर बाकीचे सारे ऐकू येते. वेग चाळिसाचा पुरे होतो. प्रत्येक वळण लक्ष मागते, आणि ते दिल्यावाचून सोडीत नाही. त्यामुळे महाविद्यालयातील बैठका, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, घराचे हप्ते यांपैकी काहीही पसरणीच्या वर आपल्याबरोबर येऊ शकत नाही. इंग्रजी काव्य शिकविण्यात आमचे आयुष्य गेले. एकाग्रता म्हणजे काय याविषयी विद्यार्थ्यांपुढे आम्ही पुष्कळ बोललो. परंतु ती आम्हांस स्वतःला पुस्तकाबाहेर जेथे हमखास भेटली, अशी जागा ही एकच. सारांश, या वाहनाचा आनंद उघडेपणाचा आहे. स्वार आणि सृष्टी यांच्यामध्ये काच नाही, छत नाही, भिंत नाही. जे काही या उघडेपणाच्या आड येईल, ते त्या आनंदाचे शत्रू समजावे. हे सूत्र वाचकांनी ध्यानात ठेवावे. दोन्ही पक्षांचे खंडन आम्ही याच्याच आधारे करणार आहोत.

प्रथम वडीलधारी मंडळी. त्यांचा पहिला आक्षेप प्रतिष्ठेचा : ज्याला मोटार परवडते त्याने फटफटीवर का बसावे? या आक्षेपास उत्तर देण्याचे वास्तविक कारण नाही. तथापि ज्या पिढीच्या तोंडी तो येतो, तिला एका गोष्टीचे स्मरण देणे अवश्य आहे. मद्रासेस १९५५ पासून बुलेट जुळविली जाऊ लागली आणि १९६० नंतर म्हैसुरास जावा तयार होऊ लागली, त्या काळी दारात मोटारसायकल असणे हेच प्रतिष्ठेचे लक्षण होते. तिच्यावर पुढे टाकीवर एक मूल, मागे पत्नी आणि तिच्या मांडीवर दुसरे मूल अशा थाटात याच मंडळींनी आपले संसार फिरविले. ती पद्धत धोक्याची होती हे कबूल. परंतु तिला थिल्लर कोणी म्हटले नव्हते. घरात मोटार आल्याबरोबर कालचे वाहन आज थिल्लर ठरावे, हा वाहनाचा दोष नव्हे.

दुसरा आक्षेप बंदीचा. माथेरानचा दाखला आमच्या मेहुण्यांनी दिला, तो वरवर सयुक्तिक दिसतो. परंतु माथेरान हे सुटे पठार आहे. त्यावरून पुढे कोठे जाणारा हमरस्ता नाही, आणि १९०७ पासून नेरळहून वर चढणारी छोटी आगगाडी त्याला आहे. महाबळेश्वराची गोष्ट निराळी. १८२८च्या सुमारास गव्हर्नर माल्कम याने येथे आरोग्यस्थान वसविले, तेव्हापासून बाहेरच्या लोकांस ते हवा खाण्याचे ठिकाण वाटत आले. परंतु भोवतालच्या खेड्यांना ते तालुक्याचे गाव आहे. साताऱ्याहून मेढा-केळघरमार्गे येणारा, वाईहून पाचगणीमार्गे येणारा, आणि गव्हर्नर फिट्झजेरल्ड याचे नाव लाभलेल्या आंबेनळी घाटाने पोलादपुरास, म्हणजे कोकणात, उतरणारा, असे तिन्ही रस्ते येथे मिळतात. चौथा रस्ता तापोळ्यास, कोयनेच्या जलाशयाकडे उतरतो. धरणाच्या पाण्याने ज्यांची जुनी गावे आणि वाटा गिळल्या, त्या खोऱ्यातील माणसांना कचेरी, बाजार, दवाखाना यांसाठी हाच रस्ता.

आता या रस्त्यांवर मोटारसायकलने कोण जाते, हे आमच्या मेहुण्यांनी एकदा उभे राहून पाहावे. दोन्ही बाजूंस दुधाच्या किटल्या अडकवून गवळी जातो. स्ट्रॉबेरीचे खोके मागे बांधून शेतकरी जातो. जिल्हा परिषदेच्या शाळेचा मास्तर जातो, लस घेऊन आरोग्यसेविका जाते, टपालवाला जातो. मोटारीस चार हात रस्ता लागतो. त्यांच्या वाड्यांकडे जाणाऱ्या वाटा तितक्या रुंद नाहीत. एस.टी. दिवसातून मोजक्या वेळा येते. यांची दुचाकी बंद करून आपल्या हवा खाण्याची सोय करावी, हा विचार राज्यकारभाराचा म्हणता येत नाही. आणि आणखी एक गोष्ट त्यांनी कान देऊन ऐकावी : या गवळ्याच्या आणि मास्तराच्या गाडीचा आवाज ती शंभर पावलांवर येईपर्यंत जाणवत नाही. केळघर घाट बावीस वर्षे रोज चढणारे एक शिक्षक आमच्या परिचयाचे आहेत. त्यांच्याइतका चांगला स्वार आम्ही पाहिला नाही. ते कोणत्याही टोळीत नाहीत.

तिसरा आक्षेप धोक्याचा. आणि येथे आम्ही आवाज खाली घेतो, कारण हा आक्षेप खरा आहे. २०२२ साली भारताच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांत शंभरात चव्वेचाळिसांहून अधिक दुचाकीवरील होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांचा आकडा त्या एका वर्षी ५०,०२९ होता. सर्व वाहनांचे मिळून दर दहा मृत्यूंपैकी सात अतिवेगाच्या सदरात नोंदलेले आहेत. हे आकडे सरकारचे आहेत आणि त्यांच्यापुढे वक्तृत्व चालत नाही. दरीस वाहनाचा लहान-मोठेपणा कळत नाही हे खरे. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात कोसळली ती बस होती, आणि तिच्यातील एकच मनुष्य वाचला. तथापि दुचाकीचा स्वार उघडा आहे, म्हणून तो अधिक मरतो, हे आम्ही नाकारीत नाही. ज्या उघडेपणाची स्तुती आम्ही वर केली, त्याचीच ही किंमत आहे.

येथे आमच्या मौनाचे कारण सांगतो. अकरा वर्षांपूर्वी द्वितीय वर्षाच्या वर्गात आमचा एक विद्यार्थी होता. शेतकऱ्याचा मुलगा, हुशार, मिस्किल, इंग्रजी अडखळत बोलणारा परंतु कविता नेमकी समजणारा. वर्गात विषय निघाला की आम्ही आमच्या घाटातील पहाटांचे रसाळ वर्णन करीत असू. त्याने ते मन लावून ऐकले. दुसऱ्या वर्षी वडिलांच्या मागे लागून त्याने जुनी मोटारसायकल मिळविली आणि आम्हांस मुद्दाम दाखवावयास आणली. आम्ही तिच्यावरून हात फिरविला, एक फेरी मारली, "झकास आहे!" म्हणालो. पाच महिन्यांनी, पावसाळा सरताना, केळघर घाट उतरत असता वळणावरच्या खडीवरून त्याची गाडी घसरली. हेल्मेट त्याच्याजवळ होते. ते गाडीच्या आरशाला लटकत होते. आम्ही त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याचे वडील फार बोलले नाहीत. निघताना एवढेच म्हणाले, "सर, तुम्हीच त्याला ह्यो नाद लावला."

भाऊबीजेच्या पंगतीत वहिनी अपघातांची यादी सांगत होत्या, तेव्हा आम्हांस हे वाक्य ऐकू येत होते. ते खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु अकरा वर्षे त्यावर विचार केल्यानंतर आमच्या अपराधाचे स्वरूप आम्हांस अधिक नीट कळले आहे, असे वाटते. आम्ही त्या मुलास आनंद सांगितला आणि विद्या सांगितली नाही. ज्या वळणाने त्याचा घात केला, तसल्या वळणांवर काय करावे हे आम्हांस पक्के ठाऊक होते. उतारावर गाडी चढताना जो गियर लागतो त्याच गियरात उतरावी. वेग वळणात शिरण्यापूर्वी कमी करावा, वळणात ब्रेक दाबू नये. नजर दरीकडे वा चाकापुढे न ठेवता रस्ता जेथे निघतो तेथे ठेवावी. पावसानंतर कडेची खडी आणि कुजलेली पाने यांना साबण समजावे. आंधळ्या वळणावर भोंगा वाजवून मग ऐकावे. तिन्हीसांजेला गवा रस्त्यावर उभा असेल असे धरूनच चालावे. हे शहाणपण आम्हांसही फुकट मिळाले नव्हते. पंचविशीत असताना शांततेच्या लोभाने आम्ही आंबेनळी घाट इंजिन बंद करून उतरू लागलो होतो. इंजिनाची ओढ नाहीशी झाल्याने सारा भार ब्रेकवर आला, ते तापले, आणि धरीनासे झाले. कड्याकडेच्या मातीत गाडी घालून आम्ही वाचलो. ही गोष्ट वर्गात आम्ही कधी सांगितली नाही, कारण तीत आम्ही मूर्ख दिसतो. ती सांगितली असती, तर कदाचित तो मुलगा वाचला असता, कदाचित नसता. सांगावयास हवी होती, एवढे निश्चित.

आमचा वडीलधाऱ्यांशी खरा तंटा येथे आहे. त्यांची मनाई मुलांस वाहनापासून दूर ठेवीत नाही. ती त्यांस शिक्षणापासून मात्र दूर ठेवते. आकुर्डी आणि चाकण येथील कारखान्यांतून लक्षावधी दुचाकी बाहेर पडतात. गाडी हप्त्याने मिळते. मैदानात आठाचा आकडा काढून दाखविला की परवाना हाती पडतो. घाट, पाऊस, धुके यांविषयी मुलांस कोणी चकार शब्द सांगत नाही. बापाने "नको" म्हटले की आपले कर्तव्य संपले असे बाप समजतो. आणि मुलगा मित्राची गाडी मागून, घरी न सांगता, हेल्मेटावाचून, जो रस्ता कोणी शिकविलेला नाही त्या रस्त्यास लागतो.

याउलट एक उदाहरण पाहावे. अरबस्तानातील युद्धाने प्रसिद्धीस आलेला टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलचा कमालीचा वेडा होता. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधील एका खेडवळ रस्त्यावर दोन सायकलस्वार मुलांस चुकविताना त्याची ब्रफ सुपीरियर उलटली, आणि सहा दिवसांनी मेंदूच्या इजेने तो वारला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्या वेळी त्यास पाहावयास आलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. मोटारसायकल हे दुष्ट वाहन आहे, ते बंद करा, असे म्हणून केर्न्स स्वस्थ बसले नाहीत. डोक्याच्या इजांचा अभ्यास करून १९४१ साली त्यांनी हेल्मेटाची उपयुक्तता दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला. लष्करातील स्वारांस ते सक्तीचे झाले. सर्वसामान्य लोकांस ब्रिटनमध्ये ती सक्ती लागू होण्यास १९७३ साल उजाडले. आपल्याकडे १९८८च्या मोटार वाहन कायद्याने ती घातली, आणि आपण हेल्मेट आरशाला लटकविले. एका माणसाच्या मृत्यूचा शोक कसा करावा, हे केर्न्स यांजपासून शिकण्यासारखे आहे.

आता दुसरा पक्ष. गेल्या फाल्गुनात आम्ही भिलारास गेलो होतो. पाचगणी-महाबळेश्वराच्या मध्ये वसलेले हे स्ट्रॉबेरीचे गाव ४ मे २०१७ पासून 'पुस्तकांचे गाव' झाले आहे. घराघरांतून मराठी पुस्तके मांडलेली असतात. कोणीही जावे, पडवीत बसावे, वाचावे. एका घरात आम्ही दुपारी असेच वाचीत बसलो होतो. घरधनीण माजघरात निजलेल्या नातवास थोपटीत होती. इतक्यात खालून गडगडाट उठला. तो वाढत वाढत आला, गावाच्या रस्त्याने गेला, पुढे जाऊन वळला, आणि पुन्हा परत गेला. चौदा गाड्या आम्ही मोजल्या. पोर किंचाळत उठले. म्हातारी दारात येऊन त्या दिशेस पाहत म्हणाली, "ही बी पुस्तकं वाचाया आल्याती व्हय, सर?" आम्ही मान खाली घातली. अंगणात आमचीही मोटारसायकल उभी होती. आणि त्या म्हातारीच्या हिशेबी आम्ही पंधरावे होतो.

या मंडळींचे समर्थन तीन प्रकारचे असते. ते म्हणतात, नळी मोकळी केल्याने गाडीची ताकद वाढते. सायलेन्सरमधील कप्पे आणि पडदे इंजिनाच्या मापाप्रमाणे बेतलेले असतात; बाकी काही न बदलता ते उपटून काढल्याने जे वाढते, ते मुख्यतः स्वाराचे स्वतःविषयीचे मत होय. ते म्हणतात, मोठ्या आवाजाने लोक सावध होतात व अपघात टळतात. नळीचे तोंड मागे आहे, धोका पुढून येतो. आणि घाटात तर हा युक्तिवाद सर्वस्वी उलटतो. आंधळ्या वळणावर डोळ्यांचा उपयोग नसतो. पलीकडून येणाऱ्या एस.टी.चा भोंगा आणि चढावरची तिची घरघर ऐकून आपण कडेला होतो. घाटात कान हाच दुसरा डोळा. ज्याने स्वतःच्या गाडीच्या गर्जनेने तो फोडून घेतला, तो जगाला सावध करून स्वतः बहिरा होऊन वळणात शिरतो.

तिसरे समर्थन प्रांजळ असते, म्हणून त्याचा विचार अधिक आदराने करू. ते म्हणतात, "आम्हांला तो आवाज आवडतो, त्यातच मजा आहे." यावर आम्ही आमचे मघाचे सूत्र पुढे करतो. मोटारीवर तुमचा आक्षेप काय? ती पेटी आहे. तीत बसणारा काच चढवून, गाणी लावून, सृष्टीला बाहेर ठेवतो. मग तुम्ही काय केलेत? काच नाही, परंतु आवाजाची भिंत आपल्याभोवती उभारलीत. तीतून बुलबुल ऐकू येत नाही, ओढा ऐकू येत नाही, मागून येणारा सोबतीही ऐकू येत नाही. पेटीत बसून तुम्ही डोंगर चढता. फरक इतकाच, की मोटारवाल्याची पेटी त्याच्यापुरती असते आणि तुमचीत दोन कोसांवरचे पोरही कोंडले जाते. तुम्ही शांत रस्ते शोधीत घाटात येता, आणि ज्या क्षणी येता त्या क्षणी ते शांत राहत नाहीत. परवा एका स्नेह्याच्या विजेच्या दुचाकीवर आम्ही मेणवलीपर्यंत जाऊन आलो. आवाज जवळजवळ नाहीच. आनंदात तिळमात्र उणे पडले नाही. उलट कृष्णेच्या घाटावरचे धुणे ऐकू आले.

हा केवळ रुचीचा प्रश्नही नाही. १७५ सीसीहून मोठ्या मोटारसायकलींसाठी आपल्या नियमांनी आवाजाची मर्यादा ८० डेसिबल ठरविली आहे. आणि डेसिबलचा हिशेब असा, की दहाने आकडा वाढला की ध्वनीची तीव्रता दसपट होते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीच्या भागात दिवसा ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर १७ जानेवारी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित आहे. एतावता कायदा आहे. तो वाईच्या पुलापाशी आणि केळघरच्या पायथ्याशी उभा राहताना मात्र क्वचितच दिसतो. काही शहरांत जप्त केलेल्या सायलेन्सरांवर पोलिसांनी रोडरोलर फिरविल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. तो देखावा ठीक आहे. परंतु रोज पहाटे घाटाच्या पायथ्याशी एक यंत्र आणि एक शिपाई असणे त्याहून अधिक गुणकारी. आमची मेहुण्यांस विनंती आहे, की त्यांनी आपले वजन बंदीच्या मागणीऐवजी या मागणीमागे खर्च करावे. त्या कामी आम्ही त्यांच्या बरोबर सही करू.

मोटारसायकलस्वारांसही आमची एक विनंती आहे. ज्यास आपण शांत रस्ता म्हणतो, तो ओसाड नसतो. तापोळ्याच्या रस्त्यावरची शांतता ही तेथील माणसांच्या घरातील शांतता आहे. आपण तेथे पाहुणे आहोत. पाहुण्याने दारात आल्यावर जेवढा आवाज करावा, तेवढाच गाडीने करावा. केळघरच्या त्या मास्तरांना हे कोणी शिकविले नाही; ते तेथलेच आहेत.

असो. भाऊबीजेस जे बोललो नाही ते बोलून झाले. माघातल्या एका बुधवारी कन्या आणि तिच्या मैत्रिणी महाबळेश्वरास निघणार आहेत. त्याआधीचे दोन रविवार आम्ही तिच्यासाठी राखून ठेवले आहेत. पहाटे, गर्दी वर येण्यापूर्वी, पसरणीचा घाट ती आमच्यापुढे उतरेल आणि आम्ही मागून पाहू : गियर कोणता, ब्रेक कोठे, नजर कोठे. आंबेनळीतील आमच्या मूर्खपणाची हकीकत तिला सांगून झाली आहे, त्या मुलाचीही. ती ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "बाबा, त्याच्या वडिलांना तुम्ही पुन्हा कधी भेटलात?" आम्ही भेटलो नव्हतो. दुसऱ्या रविवारी घाट उतरल्यावर आम्ही दोघे मेढ्याच्या वाटेने त्यांच्या गावी जाणार आहोत. त्यांनी दारातून परत पाठविले, तर परत येऊ. दादांची संमती अद्याप मिळालेली नाही.